मधली सीट

बॅटरीची मायनस तार आधी काढायची
हे मला वर्गीसदादांनी शिकवलं
तेव्हा रबाळ्याला, सर्व्हिस लेनच्या कडेला,
आमचं दुकान म्हणजे एक पत्रा आणि दोन स्टुलं होती.
आता तीन स्टुलं आहेत.

उर्मिला वैती इको घेऊन आल्या, शनिवारी, अर्धी शाळा सुटल्यावर.
पिवळा पट्टा, खिडकीला जाळी,
आत कुणाचीतरी एकच चप्पल.
घरी सोडायची तीन पोरं अजून गाडीत होती,
ती तीन स्टुलांवर बसली. मी उभा.
म्हणाल्या, पुढं दोन स्पीकर हायेत, मागं आणखी दोन लाव.
दारात नको. बाकाखाली लाव, पत्र्याला चिकटून.

मी म्हटलं, ताई, पायाखाली आवाज दबेल,
कानाच्या उंचीला हवेत.
त्या म्हणाल्या, माझ्या पोरांना ऐकूच येत नाय रे.
बहिऱ्यांच्या शाळेची गाडी हाय ही.
बुडाला लागू दे त्यांच्या.

यावर काय बोलणार?
मी पाना घेतला, बाकाचे नट सोडवले.
स्टुलांवर पोरांचं हातांनी काहीतरी जोरात भांडण चाललं होतं,
रस्त्यावरून ट्रेलर जात होते, कुणी मान वळवली नाही.

चार ओहम आणि चार ओहम, समांतर जोडले की दोन.
अँपला दोन झेपतात. त्याखाली तापतो,
मग फ्यूज जातो,
मग गिऱ्हाईक येतं, ओरडत.
करंटची तार डावीकडून न्यायची, सिग्नलची उजवीकडून,
शेजारी-शेजारी नेल्या की इंजिनची शिट्टी गाण्यात घुसते.
हे सगळं मी झोपेतही करतो.
फक्त शेवटच्या दीड मीटरला लाल पट्ट्याची तार संपली
आणि मी दुसऱ्या रिळातली घेतली.
दोन्ही पदर काळे.

मायनस परत लावली. हळदीतलं एक गाणं लावलं,
ज्यात शब्द कमी आणि धडधड जास्त.
मी कान लावला. झकास.
वर्गीसदादा चहाचा ग्लास घेऊन आले, म्हणाले, झकास.
कान हाच आपला मीटर, असं ते सतरा वर्षं सांगतायत.

पोरं बाकावर चढली.
डावीकडचा उसळला, हसला. उजवीकडचाही.
मधे हुमेरा. दोन वेण्या, मांडीवर डबा.
ती तशीच बसून राहिली,
बस यायची आहे अशी.
मग तिने सीटवर पंजा ठेवला, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे,
आणि माझ्याकडे बघून दोन मुठी केल्या:
एक वर जाताना दुसरी खाली.
पुन्हा तसंच. मग दोन्ही मुठी एकमेकींवर आपटून
बोटं उघडली. आत काही नाही.

उर्मिलाताई म्हणाल्या, ती सांगते,
एक ढकलतो तवा दुसरा वढतो.
मधी माझ्याकडं कायच येत नाय.

मी नऊ व्होल्टचा सेल काढला,
तारांच्या टोकांना टेकवला.
डावा पडदा टुपकन बाहेर आला.
उजवा आत गेला.
वर्गीसदादांनी ग्लास खाली ठेवला.

दोन काळ्या तारांची अदलाबदल करायला
मिनिट लागतं.
ते मिनिट फार लांबलं.

पुन्हा गाणं. हुमेराने डबा मांडीवरून उचलून सीटवर ठेवला,
झाकणावर हात ठेवला.
आतला चमचा तालात वाजत होता.
तो मला ऐकू येत होता, आणि तिला
बहुतेक माझ्यापेक्षा जास्त कळत होता,
कारण गाणं बदलल्यावर तिनेच आधी हात उचलला.

मजुरीचे दोनशे मी घेतले नाहीत, चूक माझी होती.
उर्मिलाताईंनी तरी शंभर स्टुलावर ठेवले, गाडी काढली,
ऐरोलीच्या दिशेने गेली ती, काचा बंद,
बाहेर जवळजवळ काहीच येत नव्हतं.

तेव्हापासून काम झालं की
मी मागच्या बाकावर मधोमध बसतो,
दोन्ही कानांत बोटं घालून.
गिऱ्हाईकं हसतात.
वर्गीसदादा विचारतात, काय म्हणतंय बूड?