पेन्सिलची खूण

डुलुथमध्ये बर्फ खिडकीच्या निम्म्यावर.
पीठ मोजायच्या काट्यावर लोर्ना ट्वाइट
अजगराची मादी तोलते:
सतराशे चाळीस. पुरे.

नर उसना, गॅरेजवाल्या एइनारचा.
"घाई नको," तो म्हणाला.
घाई कसली? तीस वर्षं शाळेची बस चालवली तिनं,
पोरं दाराबाहेर येईपर्यंत इंजिन चालू ठेवून.

एप्रिलात सहा अंडी, एकमेकांना चिकटलेली,
भोवती आईचं वेटोळं.
ते हातानं सोडवायचं.
पुस्तकात त्याला एक ओळ आहे,
लोर्नाला अर्धा तास लागला.

मग प्रत्येकावर पेन्सिलनं खूण: ही बाजू वर.
उलटलं तर आतला जीव जातो.
सहावं पिवळं, पोचट.
त्यावरही केली.

डबा, साडेएकतीस अंश,
रात्री दोनदा उठून आकडा बघणं.

आणि एइनारनं अगदी शेवटी, जाता जाता सांगितलेलं:
तिला कोमट पाण्यानं धू. तिची जागाही धू.
वास राहिला तर
नसलेल्या अंड्यांना वेटोळं घालून बसेल,
उंदराकडे बघणारसुद्धा नाही.

धुतलं.
नवव्या दिवशी लोर्नानं वहीत लिहिलं:
खाल्लं.
पेन्सिल तीच, टोक बोथट.