मापात न बसणारी

लायब्स्टरच्या धक्क्यावर वजनकाटा माझ्याकडे असतो,
एकवीस वर्षं झाली.
शेवंडं येतात निळीकाळी, नांग्या रबरानं बांधलेली.
पाठीवर पितळी माप ठेवायचं.
मापात बसत नाही ते परत पाण्यात.
इथला कायदा आहे, आणि बरा आहे.

मर्डो गन्नला मुलगी झाली, अकरा आठवडे आधी,
तेव्हा तो काट्यापाशी येऊन उभा राहिला, टोपलीशिवाय.
म्हणाला, आठशे दहा.
मी सवयीनं पेन्सिल उचलली,
मग खाली ठेवली.

नव्वद मैलांवर काचेच्या पेटीत मोराग.
तळपायाला चिकटवलेला वाटाण्याएवढा तांबडा दिवा,
उशाशी एक जुनाट यंत्र:
तिनं पाय झटकला की बोंबलायचं,
दिवा सरकला की बोंबलायचं,
लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या त्या पोरासारखं.
शीना नर्स दर वेळी धावायची.
गोष्टीतल्या गावकऱ्यांसारखी ती कंटाळली नाही,
पण एका रात्री, मर्डो म्हणाला,
चौदाव्या की पंधराव्या हाकेला
लांडगा खरंच आला होता.
शीना तेव्हाही धावली म्हणून…
पुढचं तो बोलला नाही.
मी दोरीचं वेटोळं उगाच सोडून पुन्हा घातलं.

बावीस वर्षांची दाढी त्याची.
आत हनुवटी आहे की नाही यावर गावात पैज होती.
शनिवारी कोळ्यांच्या सभागृहात मधोमध खुर्ची मांडली.
कात्रीचा एक घाव, पाच पौंड.
पोरं हसली, बायका हसल्या, पाद्री सुद्धा दोनदा रांगेत लागला.
मग जेसी स्वानसन उठली, काठी टेकत.
साठ साली तिला तिचं बाळ कुणी दाखवलंही नव्हतं.
तिनं पन्नासाची नोट डब्यात टाकली
आणि एकच केस कापला.
तो रुमालात बांधून घेऊन गेली.

हिशेब मी लिहिला, शेवंडांच्याच वहीत,
दुसरी वही नव्हती.
यंत्राच्या किमतीला चारशे सहा कमी पडत होते.
सोमवारी तीन होड्यांनी टोपल्या उतरवल्या
आणि पावती मागितली नाही.

यंत्र यायला वसंत उजाडला.
तोवर मोराग घरी आली होती.
माझ्याच काट्यावर, स्वच्छ टॉवेल घालून,
दोन किलो तीनशे. वर शिंकलीही.

यंत्र बघायला मर्डोबरोबर मी गेले.
दुसऱ्याच कुणाचं तरी बाळ त्याला जोडलेलं,
नाव आम्ही विचारलं नाही.
बाळानं पाय झटकला.
मर्डोचा हात दाराच्या चौकटीवर घट्ट झाला.
पडद्यावरची हिरवी रेघ जराशी थरथरली,
सावरली,
यंत्र काही बोललं नाही.

शेजारच्या खुर्चीत त्या बाळाचा बाप,
चिखलाचे बूट तसेच पायात, तोंड उघडं.
मर्डोनं उघड्या हनुवटीवरून हात फिरवला,
मला कोपरानं ढोसलं, आणि कुजबुजला,
झोपलाय बघ.