जातीचा रकाना

दिघंचीच्या वाटेवरचा पाझर तलाव
मार्चात आटत आटत
म्हशीच्या पाठीएवढा उरतो.
तिथून दस्तगीरनं लोणच्याच्या बरणीत
शेवाळ आणलं. म्हणाला, मॅडम,
बुळबुळीतपणा गेलाय बघा ह्याचा,
हाताला केसासारखं लागतंय.
एकोणीस वर्षं तो काचा धुतोय,
माझ्याआधी त्याला कळतं.

सूक्ष्मदर्शीचा आरसा खिडकीकडं वळवला.
आटपाडीचं ऊन काचेखालून वर आलं.
दोन धागे, शेजारी शेजारी.
एकात तीन हिरव्या फिती, मळसूत्री पिळाच्या,
दुसऱ्यात चार.
पुस्तकात ह्या दोघांना वेगळी पानं आहेत,
बेचाळीस आणि सत्तेचाळीस.
मधली चार पानं ओलांडून
एकानं फुगवटा पुढं केला होता
आणि समोरूनही तसाच आलेला.

पाणी मुबलक असतं तेव्हा ह्यांना कुणी लागत नाही.
वाढायचं, तुटायचं, परत वाढायचं.
तळ दिसायला लागला
की शेजार आठवतो.

फुगवटे टेकले. मधली भिंत विरली.
तीन फितींच्या घरात आवराआवर सुरू झाली,
पीळ सुटले, सगळ्याचा एक गोळा झाला,
आणि गोळा त्या बोळातून निघाला
इतका सावकाश, की
स्टँडवर विट्याची गाडी लागली, भरली, सुटली,
तरी हा अजून उंबऱ्यातच.

दस्तगीर डबा खाऊन आला.
झालं का? त्यानं दबक्या आवाजात विचारलं,
जणू आत कुणी बाळंत होतंय.

चारच्या सुमाराला एक घर रिकामं,
नुसत्या भिंती.
दुसऱ्यात दोघांचं मिळून एक.
आता त्याच्यावर साल चढेल, तपकिरी, जाड,
आणि ते गाळात बसून राहील.
रुजेल का, सांगता येत नाही.
असल्यांतले पुष्कळ रुजत नाहीत.
एखादं रुजतं
आणि पुस्तकात पान मागतं.

नोंदवहीत लिहिलं:
ठिकाण. तारीख.
पाण्याची खोली, एक वीत.
पुढचा रकाना जात.
पेन थांबलं.

दस्तगीर खांद्यावरून बघत होता.
त्याच्या रेहानानं लेकीच्या शाळेच्या अर्जावर
हाच रकाना कोरा सोडलेला.
क्लार्कनं दोनदा परत पाठवला अर्ज,
तिनं दोनदा तसाच नेऊन दिला.

राहू द्या मॅडम, तो म्हणाला,
पाणी आल्यावर बघू.

उरलेलं शेवाळ त्यानं बरणीत सोडलं.
बरणीला अजून मोहरीचा वास होता.
झाकण त्यानं सैलच ठेवलं.