पाच पूर्व, चार उत्तर

आमच्या लेआऊटचे रस्ते
कुणीतरी पट्टी ठेवून आखलेले.
कडुनिंब मात्र
आपापल्या मर्जीने उगवलेले.

घर नैर्ऋत्येच्या टोकाला, प्लॉट नंबर बारा.
बाबांचं वीज मंडळाचं ऑफिस ईशान्येला.
पाच गल्ल्या पूर्वेला, चार उत्तरेला.
मागे फिरायचं नाही. तिरपं जायचं नाही,
कारण मधल्या प्लॉटांना काटेरी तार
आणि देशकरांचा कुत्रा.

वहीत नऊ घरं आखायची,
त्यातल्या कुठल्याही चारांत ‘उ’ भरायचा,
उरलेल्यांत ‘पू’ आपोआप येतो.
अकरावीत हे पहिल्यांदा जमलं
तेव्हा मी वही घेऊन पोर्चमध्ये पळाले.
“बाबा, तुम्हाला ऑफिसला जायला
एकशे सव्वीस रस्ते आहेत!”

बाबा चपलेच्या तुटल्या अंगठ्याला
सेफ्टीपिन लावत होते.
“अन् सारे सारखेच लांब?”
“सारखेच.”
“मंग मे महिन्यात ये माह्यासंगं.”

सावली सूत्रात कुठे बसवायची
हे पुस्तकात नव्हतं.

चप्पल पायात सरकवून, फाटकाची कडी काढता काढता
त्यांनी विचारलं,
“हिरामणच्या चौकातून न जाता किती?”

हिरामणकाकांचं सायकलचं दुकान:
तीन पूर्व, दोन उत्तर.
काटोलकडच्या सव्वा एकर संत्र्यावरून
दोघं भाऊ बोलत नव्हते,
मी चौथीत होते तेव्हापासून.

प्रत्येक चौकात लिहायचं
पश्चिमेकडून आलेले अधिक दक्षिणेकडून आलेले.
काकांच्या चौकात येत होते
सहा आणि चार, दहा.
मी तिथे शून्य लिहिलं.
शून्याच्या पुढचे सगळे चौक हडकले,
बेरजा बारीक होत होत
ऑफिसच्या दारात सहासष्ट पोचले.

संध्याकाळी सांगितलं.
बिल जुळल्यासारखी मान हलवून बाबा म्हणाले,
“पुरे झाले.”

आणि खरंच पुरले, अकरा वर्षं.
उत्तर म्हणजे दिशा की जवाब,
हे मी नंतर शिकवणीतल्या पोरांना
कोड्यासारखं घालत राहिले.
पोट्टे हसायचे, फळ्यावर ‘पू’ आणि ‘उ’ गिरवायचे.
त्या वहीचा कागद पिवळा पडला.

मग सिमेंटचे रस्ते आले.
एकेका गल्लीतला कडुनिंब
रात्रीतून जाऊ लागला.
त्या मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकला,
आणि सहासष्टांपैकी एकाही रस्त्यावर
उभं राहण्यापुरती सावली उरली नाही.
एकच झाड वाचलं होतं,
त्याच्या बुंध्याला जुने टायर टांगलेले,
खाली पाण्याचा माठ.

काय बोलणं झालं, मला माहीत नाही.
झालंच असेल असंही नाही.
बाबा घरी आले, रोजच्यासारखे पाय धुतले,
कूलरपुढे बसून पेपर उघडला.

दारात चप्पल होती.
अंगठ्याला पिन नव्हती.
सायकलच्या ट्यूबचा काळा तुकडा,
कडा घासून, सोल्युशन लावून,
नीट दाबून बसवलेला.

मी काही विचारलं नाही.
माळ्यावरून ती वही काढली,
तीन पूर्व, दोन उत्तर इथलं शून्य खोडलं.
सहा आणि चार, दहा.

पुढचे सगळे आकडे
बदलावे लागले.