चावी काढल्यावर

चावी काढून पर्समध्ये टाकली
तरी फियाट थांबायची नाही.
धडक्, धडक्, धड—
कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली
बॉनेट थरथरायचं, आरसा हलायचा,
सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास
आणि शेवटी एक उलटी उचकी.
बेलीफ वाघमोडे म्हणायचे,
बाई, तुमच्या गाडीला तारीख मान्य नाही वाटतं.

मी मोजायची. थंडीत तीन.
परभणीच्या मे महिन्यात अकरा.

स्टँडजवळच्या वायरमननं स्विच बदलला,
मग वायरिंग बदललं,
मग म्हणाला, जुनी झाली, विकून टाका.
जाता जाता रेस थोडी वाढवून दिली,
सिग्नलला बंद पडू नये म्हणून.
त्या दिवशी पंधरा.

गौसोद्दीन मिस्त्रीचं गॅरेज वसमत रोडला,
उघड्या पोटाच्या ट्रॅक्टरांमध्ये.
त्यानं आधी काहीच खोललं नाही.
गाडी अर्धा तास तापू दिली, स्वतः चहा पीत बसला.
मग म्हणाला, बंद करो.
मी चावी फिरवली. ती चालूच.
त्यानं कॉइलची वायर उपटली
आणि विंचवाची नांगी धरावी तशी
दोन बोटांत धरून मला दाखवली.
इंजिन धडधडतंय.
"देखे? करंटका इसमें कामच नै.
चावी ठिणगीची असते बाई,
आगीची नसते."

हेड उतरवलं दुसऱ्या दिवशी.
पिस्टनच्या माथ्यावर काजळी,
चुलीवरच्या तव्याच्या बुडाला असते तशी, थरावर थर.
हे तापून लाल होतं, तो म्हणाला.
आत पेट्रोल आलं की पेटवायला हा निखाराच पुरे.
आणि पेट्रोल येणारच,
दार त्या वायरमननं उघडं ठेवलंय.
"गाडी जाती कुठं कुठं?"
घर ते कोर्ट.
"और?"
कोर्ट ते घर. दोन किलोमीटर. एकोणतीस वर्षं.
आता तेही नाही.

तो काही बोलला नाही.
पोराकडं पितळी ब्रश मागितला.

मी स्टुलावर बसले होते.
मिस्त्री पोराला काहीबाही सांगत होता
आणि माझं उजवं बोट मांडीवर, साडीच्या काठावर,
सगळं टिपून घेत होतं.
प्रश्न. उत्तर. साक्षीदार पुढे म्हणतो की.
निवृत्त होऊन पाच आठवडे झालेले.
भाजीवाली भाव सांगते, बोट चालतं.
शेजारी भांडतात, चालतं.
झोपेत पण, असं बहीण म्हणते,
एकदा तर तिच्या पाठीवर अख्खी उलटतपासणी.
मिस्त्रीनं बोटाकडं बघितलं,
मग कार्ब्युरेटरकडं वळला
आणि स्क्रू सव्वा फेरा मागं घेतला.

खरवडलेली काजळी त्यानं पेपरात पुडी बांधून दिली.
"तुमचीच आहे. ठेवा."
बिलावर लिहिलं: हेड साफ, टायमिंग,
प्लग चार, थंड जातीचे.
तोंडी सांगितलं ते वेगळं:
महिन्यातून एकदा लांब न्या तिला,
दम लागू द्या.

गंगाखेडच्या बाजूला गेले, एकटीच, टॉपमध्ये.
दोन्हीकडं पऱ्हाट्या उपटलेली काळी रानं,
खिडकीची काच खडखडत होती
आणि ऐंशीला पोचल्यावर खडखडायची थांबली,
हे मला माहीतच नव्हतं.
गोदावरीच्या पुलाअलीकडं थांबवली.
चावी काढली.
काही नाही.
इतकं काही नाही की
खाली पात्रात कुणी म्हशी हाकत होतं
त्याचं हॅर्र हॅर्र वर ऐकू आलं.
पुडी नदीत सोडायची म्हणून नेली होती.
नाही सोडली.
डॅशबोर्डच्या खणात आहे, जुन्या पावत्यांखाली.

परवा बेचाळीस अंशात बाजारातून आले,
दारात लावली, बंद केली,
आणि तिनं दिले दोन.
धडक्. धडक्.

मिस्त्रीला सांगितलेलं नाही.