नांगर

सहाला उठून पाऊण तास खपलो,
दारापासून रस्त्यापर्यंत वाट मोकळी केली,
फावडं भिंतीला टेकवलं, तेवढ्यात
थंडर बे नगरपालिकेचा बर्फनांगर आला
पिवळा दिवा गरगरवत,
आणि रस्त्यावरचं सगळं बर्फ
माझ्याच तोंडाशी लोटून गेला.
गुडघाभर. दगडासारखं.

शिवी ओठांवर आली.
तिच्या मागोमाग, पावलावर पाऊल टाकत,
ती जुनी तहान.
कोपऱ्यावरचं दुकान किती वाजता उघडतं
हे मला अजून पाठ आहे.

ऑर्व्हिलला फोन लावला.
धान्याच्या कोठारांवर जन्म काढलेला माणूस,
एकोणतीस वर्षं थेंबाला न शिवलेला.
सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं,
"खाल्लंस काही?"
नाही.
"झोप?"
तुकड्या-तुकड्यांत.
"मग नांगराचं राहू दे, वेइक्को. आधी अंडं उकड."

उकडलं. उभ्यानेच खाल्लं, बिनमिठाचं.
खिशातलं नव्वद दिवसांचं नाणं
किल्ल्यांवर वाजत होतं.

त्याला शाळेच्या बससाठी रस्ता करायचा होता.
माझं दार त्याच्या मनातही नव्हतं.
हे कळायला मला
एक अंडं आणि बेचाळीस वर्षं लागली.

राग गेला असं नाही.
तो माझ्या शेजारी उभा राहून बर्फ उपसत होता.
दोघं होतो म्हणून लवकर आटपलं.

साडेआठला नांगर परत आला,
या खेपेला उलट्या बाजूने.

मी आत गेलो,
दुसरं अंडं उकडत ठेवलं.