चौथी सीट

रविवारी सव्वासहाला, विझेऊच्या पेट्रोलपंपामागे
आम्ही चौघं जमतो.
जमायचो.
गाडी पाळीपाळीने. या आठवड्यात माझी.
डिकीत चार पिशव्या, तपासायच्या वह्यांचा गठ्ठा,
आणि डबे : सोमवारचं सूप, मंगळवारचं सूप.
बुधवारचं लिहायला आदेरितु नेहमी विसरतो,
कोऱ्या झाकणाचा दिसला की समजायचं, बुधवार.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात.
विंचू सुखी. त्याला शुक्रवारी परत यायचं नसतं.

तीनशे तीस किलोमीटर.
पहिले साठ वळणांचे, जळलेल्या निलगिरींमधून.
खाली मोंदेगु नदी. अंधारात दिसत नाही,
तरी सगळे तिकडेच बघतात.
या पट्ट्यात कुणी बोलत नाही.
प्रत्येक जण अजून घरीच असतो :
कुणी भांडी विसळत, कुणी दाराशी,
मी दुआर्तच्या खोलीबाहेर उभी.
आत तो झोपल्याचं सोंग करतोय,
संध्याकाळी पाच वाजता.

कोइंब्रा आलं की झुलमिरा पर्स उघडायची.
गणिताची बाई. पेट्रोल अधिक टोल भागिले चार,
अगदी सेंटापर्यंत. उरलेले एकदोन सेंट
गिअरजवळच्या खाचेत टाकायची.
"आपली पेन्शन," म्हणायची.
सत्तावीस वर्षं नोकरी, एकोणीस शाळा.
कुठल्या गावातली बेकरी किती वाजता उघडते
ते तिला तोंडपाठ.
स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र
मीठ कुठंय ते नवऱ्याला विचारावं लागतं.

पोंबालच्या थांब्यावर उभ्याउभ्या कॉफी.
मग सरळ रस्ता, मग वाल्देमारचं घोरणं,
मग तेजु नदीवरचा पूल, आणि सेतुबल.
तिथे मी एका विधवेच्या घरात राहते.
फ्रिजमधला दुसरा कप्पा माझा.
जेवणाच्या टेबलासमोर तिच्या नवऱ्याचा फोटो,
हसरा माणूस, टाय जरा वाकडा.
आठवड्यातून चारदा मी त्याच्यासमोर बसून जेवते.
माझ्या नवऱ्यासमोर दोनदा.

ऑगस्ट संपता संपता बदल्यांची यादी लागली.
झुलमिराला तोंदेला. घरापासून बावीस किलोमीटर.
आम्ही तिला मिठ्या मारल्या, वाइन उघडली.
मी रडले.
त्यातलं थोडं तिच्यासाठी होतं.

आज भागिले तीन.
वाल्देमारने फोनवर हिशोब मांडला,
दशांश चिन्हापुढे तीन तीन तीन करत
आकडा पडद्याबाहेर निघून गेला.
"जाऊ दे," इसाउरा म्हणाली. कुणाला हसू आलं नाही.
चौथ्या सीटवर तिने सूपचं पातेलं ठेवलंय,
वर फडकं, भोवती पट्टा.
पट्टा लावेपर्यंत गाडी पीं पीं करत होती,
कुणी तरी बसलंय समजून.

पोंबालला झुलमिराचा फोन.
"काही नाही गं, सहज.
रविवारी या वेळेला घरात काय करायचं असतं?"
मागे टीव्ही चालू होता.
मग म्हणाली, "पुढच्या रविवारी येऊ का मी,
नुसती कॉफीपर्यंत?"
परत कशी जाशील, कुणी विचारलं नाही.
तिनेही सांगितलं नाही.

पावणेअकरा. जिन्यात दिवा ठेवलाय म्हातारीने.
दुसरा कप्पा. सोमवार, मंगळवार, गुरुवार.
कोरं झाकण शोधते, तर
कोरं झाकणच नाही.
त्याच्यावर चिकटपट्टी, आणि पट्टीवर
दुआर्तचं डावीकडे कललेलं अक्षर :
जागा होतो.

बुधवारी मी बाहेरून पाव आणून खाते.
गुरुवारचं गुरुवारी.
तो डबा शुक्रवारी परत गाडीत ठेवते,
न उघडलेला,
चौथ्या सीटवर.